खुर्ची आहे तर पेशंट नाही!

बारावीचा आणि 'नीट'चा निकाल लागला की आम्हा दंतवैद्यांकडे दातांची तक्रार नसलेली माणसेही येऊ लागतात. सोबत मुलगा किंवा मुलगी असते, हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स असते आणि प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टरसाहेब, एमबीबीएस थोडक्यात हुकलं. डेंटलला टाकू का?" दुधाची तहान ताकावर भागवावी, असा त्या विचारण्याचा सूर असतो. पुढचे दोन प्रश्नही ठरलेले. फी किती? आणि पास झाल्यावर दवाखाना चालेल का?

जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा तो मात्र क्वचितच कोणी विचारते. ज्या कॉलेजात मुलाला घालणार, त्या कॉलेजच्या ओपीडीत रोज पेशंट किती येतात? दंतवैद्य होण्याच्या शिक्षणात यापेक्षा महत्त्वाचा दुसरा प्रश्न नाही, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी या शिक्षणाची वाट कशी आहे ते पाहू.

पाच वर्षांची वाट

बी.डी.एस. म्हणजे बॅचलर ऑफ डेंटल सर्जरी. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला किमान ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के गुण लागतात. वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. त्यानंतर 'नीट' ही देशपातळीवरची परीक्षा. महाराष्ट्रातील सरकारी आणि खासगी कॉलेजांतील राज्याच्या जागांचे प्रवेश राज्याचा सीईटी कक्ष करतो, तर अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्रीय समुपदेशनातून भरतात.

अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि त्यापुढे एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय असतात, आणि त्यांच्या जोडीला दातांची रचना. दुसऱ्या वर्षी रोगजंतू, रोगांमुळे शरीरात होणारे बदल, औषधशास्त्र आणि दातांसाठी वापरायचे पदार्थ, म्हणजे प्लास्टर, मेण, सिमेंट, चांदी वगैरे. तिसऱ्या वर्षी चक्क जनरल मेडिसिन आणि जनरल सर्जरी हे विषय असतात, शिवाय तोंडाच्या रोगांचे शास्त्र. चौथ्या वर्षी मग खास दातांचे आठ विषय येतात : तोंडाचे रोग व एक्स-रे, शस्त्रक्रिया, हिरड्या, दात भरणे व रूट कॅनाल, कवळी व कृत्रिम दात, वेडेवाकडे दात सरळ करणे, लहान मुलांचे दात आणि सामाजिक दंतआरोग्य.

हे सारे पाहून पुष्कळांना वाटते की दाताच्या डॉक्टरला एवढा पसारा कशाला? बाजारात बसून चिमट्याने दाढ उपटणारा माणूस तर काहीच शिकलेला नसायचा, आणि दाढ निघायचीच की!

दाढ निघायची हे खरे. पण दाढेला धरून बाकीचा माणूस असतो. मधुमेह आटोक्यात नसेल तर दात काढलेली जखम लवकर भरत नाही, चिघळते. हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्यांपैकी काहींना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाचा डोस द्यावा लागतो, कारण तोंडातले जंतू रक्तावाटे झडपेपर्यंत पोचू शकतात. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर रक्त थांबवण्याची तयारी आधी करावी लागते. खालच्या अक्कलदाढेखालून जबड्याच्या हाडातून एक नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातल्या पोकळीला अगदी लागून असतात. आणि कधी कधी डाव्या जबड्यातली कळ दाढेची नसतेच, ती हृदयाची असते. अशा पेशंटची धडधाकट दाढ उपटून त्याला घरी पाठवणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

म्हणून मी म्हणतो, दाढ काढायला शिकवणे फारसे अवघड नाही. कोणाची दाढ आज काढायची नाही, हे शिकायलाच चार वर्षे लागतात.

आपल्या देशाला हे उशिरा कळले. जगातले पहिले डेंटल कॉलेज अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८४० साली निघाले. भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्याला पहिले कॉलेज काढले ते १९२० साली. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. कायदा आला तो त्याहून उशिरा, १९४८ मध्ये. तोपर्यंत पदवी नसतानाही हाच धंदा करून पोट भरणारे अनेक जण होते. त्यांना एका दिवसात घरी बसवता येत नव्हते. म्हणून कायद्याने नोंदणीपुस्तकाचे दोन भाग केले. 'अ' भागात पदवीधर आणि 'ब' भागात ठरावीक वर्षांचा अनुभव असलेले बिनपदवीचे. ती पिढी संपली. पदवीशिवाय दात काढण्याला आज कायद्यात जागा नाही.

मेणाचा दात, प्लास्टरचा दात, माणसाचा दात

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वर सांगितलेले सारे विषय पुस्तकातून शिकता येतात. पण दंतवैद्यकाचा अर्धा भाग हातात असतो, आणि हात पुस्तकाने तयार होत नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मेणाचा ठोकळा आणि कोरणी देतात. त्यातून हुबेहूब दात कोरायचा. पटाशीचा, सुळा, दाढ, प्रत्येकाचे उंचवटे वेगळे, खाचा वेगळ्या. कित्येक हुशार मुलांच्या डोळ्यांत पहिले पाणी इथेच येते, कारण पाठांतराची इथे मदत होत नाही. पुढे काढलेले खरे दात प्लास्टरमध्ये बसवून त्यावर कोरून भरण्याचा सराव होतो. मग पुतळ्याचे डोके येते. त्याच्या जबड्यात दात बसवलेले असतात आणि मूल प्रथमच वाकून, तोंडाच्या अंधाऱ्या पोकळीत काम करायला शिकते. वरच्या दाढेचे काम छोट्या आरशात पाहून करावे लागते. आरशात पुढचे ते मागे दिसते, आणि डोळ्याला जे उलटे दिसते ते हाताने सुलटे करायचे असते. ही सवय महिन्यांच्या सरावानेच जडते.

परंतु मेण ओरडत नाही, पुतळा थुंकी गिळत नाही. खरा पेशंट घाबरलेला असतो, जीभ मध्ये घालतो, ऐन वेळी मान फिरवतो. कोणाचे तोंड गुटख्याने दोन बोटेही उघडत नाही. खालच्या दाढेसाठी बधिरतेचे इंजेक्शन दाढेपाशी देऊन चालत नाही, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात नेमक्या जागी द्यावे लागते, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही. ती बोटाने चाचपून ओळखायची असते. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, तसे हे इंजेक्शन माणसाला दिल्याशिवाय येत नाही. पहिली काही इंजेक्शने शिक्षकाचा हात खांद्यावर असताना दिली जावीत, एवढीच अपेक्षा. त्यासाठीच तिसऱ्या वर्षापासून मुलांना ओपीडीत उभे करतात.

आणि ओपीडी ओस असेल तर?

दात आहेत तर चणे नाहीत

देशात आज तीनशेच्या वर डेंटल कॉलेजे आहेत आणि त्यांतली बहुसंख्य खासगी आहेत. जागा इतक्या झाल्या की २०२०-२१ या वर्षी बी.डी.एस.च्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या राहिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्या वर्षापुरती पात्रतेची अट दहा पर्सेंटाइलने खाली आणली. खासगी संस्थांनी फी कमी करण्याचा विचार करावा, असेही सुचवले. याचा अर्थ पालकांनी नीट समजून घ्यावा. डेंटलची जागा मिळणे हे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. जागा कुठली मिळते, याला महत्त्व आहे.

सरकारी कॉलेजे, म्हणजे मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील, आणि मुंबई महापालिकेचे नायर, यांच्या ओपीडीत पेशंटची वाण नसते. चांगल्या, जुन्या खासगी कॉलेजांतही पेशंट विश्वासाने येतात. पण गावाबाहेर माळरानावर काचेच्या इमारती उभ्या करणारी काही कॉलेजे अशी आहेत की तिथे खुर्च्यांच्या रांगा चकचकीत आहेत आणि पेशंट शिबिराच्या दिवशी गाडी पाठवून आणावे लागतात. अशा ठिकाणी चार मुलांना मिळून एक दाढ भरायला मिळते. एक जण काम करतो, तिघे पाहतात. पाहून शिकलेला दंतवैद्य आणि करून शिकलेला दंतवैद्य यांची पदवी एकच असते. फरक पहिल्या पेशंटला कळतो.

दुसरीकडे आपल्या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्या पाहा. सुजलेला गाल घेऊन माणूस मिसरी लावतो, लवंग धरतो, दुखणे थांबले की विसरतो. दाढ पूर्ण किडल्यावर एसटीने शहर गाठतो. तोंडातला पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरलेला व्रण दाखवायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. राज्यात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली, पण सुपारी, तंबाखू आणि चोरून मिळणाऱ्या पुड्या यांनी आखडलेली तोंडे आमच्या खुर्चीवर आजही येतात, आणि त्यांतली काही तरण्या पोरांची असतात.

म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत! जिथे खुर्ची आहे तिथे पेशंट नाही आणि जिथे पेशंट आहे तिथे खुर्ची नाही. दंतशिक्षणाचे आपल्याकडचे खरे दुखणे हेच आहे.

वाया जाणारे पाचवे वर्ष

या दुखण्यावरचा इलाज अभ्यासक्रमातच लिहिलेला आहे. इंटर्नशिपच्या बारा महिन्यांपैकी तीन महिने सामाजिक दंतआरोग्य आणि ग्रामीण सेवेसाठी ठेवलेले आहेत. बाकीचे महिने इतर विभागांत वाटलेले असतात. कल्पना अशी की, स्वतंत्र दवाखाना थाटण्यापूर्वी मुलाने प्रत्येक काम स्वतःच्या हाताने, पण वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली करावे.

प्रत्यक्षात काय होते? एम.डी.एस.ला प्रवेश हवा तर 'नीट एमडीएस' ही परीक्षा द्यावी लागते, आणि ती असते पर्यायी उत्तरांची. त्यामुळे पुष्कळ इंटर्न ओपीडीऐवजी अभ्यासिकेत असतात. सही झाली की गायब! कॉलेजही डोळेझाक करते, कारण पेशंटच कमी असतील तर इंटर्नला थांबवून करणार काय? ग्रामीण सेवेचे तीन महिने म्हणजे दोन शाळांत ब्रश कसा करावा याचे प्रात्यक्षिक आणि एक समूहछायाचित्र, असे होऊन बसते. मुलांना मी फार दोष देत नाही. ज्या गोष्टीची परीक्षा होते तीच गोष्ट मूल करते.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणला आहे आणि त्यात पदवीनंतर देशभर एकच 'एक्झिट टेस्ट' घेण्याची तरतूद आहे. हेतू चांगला आहे. पण ती परीक्षा कागदावरच राहिली तर अभ्यासिकांची भर होईल आणि ओपीडी आणखी रिकाम्या होतील. हात तपासायचा तर खुर्चीशेजारीच उभे राहून तपासावा लागेल.

माझ्या मते दोन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक डेंटल कॉलेजला आसपासची ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जोडून द्यावीत आणि तीन महिन्यांची ग्रामीण सेवा तिथल्या खुर्चीवर, शिक्षकाच्या देखरेखीखाली सक्तीने करून घ्यावी. ज्या रुग्णालयात दंतखुर्ची नाही तिथे कॉलेजने ती द्यावी. दुसरे म्हणजे प्रत्येक कॉलेजने ओपीडीचा रोजचा आकडा दर्शनी फलकावर लावावा, जसा पेट्रोल पंपावर भाव लावतात तसा.

पालकांनी काय पाहावे?

सरकार करील तेव्हा करील. तोपर्यंत पालकांनी पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात.

१. माहितीपत्रकावर जाऊ नका. कामाच्या साध्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, न सांगता कॉलेजच्या ओपीडीत जाऊन तासभर बसा. केसपेपर काढण्याच्या खिडकीपुढे रांग आहे का? विद्यार्थी खुर्चीपाशी आहेत की कँटीनमध्ये?

२. चौथ्या वर्षाच्या दोन-चार मुलांना गाठून विचारा, "तू स्वतः किती दाढा काढल्यास? किती रूट कॅनाल केलीस? कवळी केलीस का?" मुले खरे सांगतात.

३. खासगी कॉलेजची अधिकृत फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ती पाहूनच पैसे भरा आणि पावती घ्या. फीशिवाय उपकरणे, मेण-प्लास्टर, वसतिगृह यांचा खर्च पाच वर्षे चालतो, तो आधी विचारा.

४. मुलाच्या मनाचा कल पाहा. बारीक काम करायची आवड, तासन् तास वाकून बसण्याची चिकाटी आणि घाबरलेल्या माणसाशी गोड बोलण्याचा स्वभाव या तीन गोष्टी असतील तर गुण थोडे कमी असले तरी मूल चमकेल. या नसतील तर 'नीट'चे गुण उपयोगाचे नाहीत.

५. पदवीनंतर लगेच पैसा, हा हिशेब करू नका. स्वतःचा दवाखाना म्हणजे खुर्ची, एक्स-रे, कॉम्प्रेसर, निर्जंतुकीकरणाचे यंत्र, एवढे भांडवल लागते. शहाणी मुले आधी दोन-तीन वर्षे अनुभवी दंतवैद्याच्या हाताखाली काढतात. एम.डी.एस.साठी आणखी तीन वर्षे लागतात. तिच्या नऊ शाखा आहेत, पण प्रत्येकाने ती केलीच पाहिजे असे नाही. हात तयार असलेला साधा बी.डी.एस. तालुक्याच्या गावी लोकांची उत्तम सेवा करतो आणि संसारही नीट चालवतो.

ज्यांना एवढा काळ आणि पैसा शक्य नाही त्यांच्यासाठी डेंटल मेकॅनिक आणि डेंटल हायजिनिस्ट यांचे दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम आहेत. कवळ्या आणि कॅप बनवणारा चांगला कारागीर आज शोधून सापडत नाही. मात्र हे लक्षात ठेवावे की या पदविकेवर दात काढण्याचा किंवा भरण्याचा अधिकार मिळत नाही.

आणि आपण सर्वांनी?

शेवटी चार शब्द ज्यांच्या घरी डेंटलला जाणारे कोणी नाही त्यांच्यासाठी. पुष्कळ लोक डेंटल कॉलेजच्या ओपीडीत जायला कचरतात. "शिकाऊ पोरं दातांवर हात साफ करून घेतील" ही भीती असते. भीती स्वाभाविक आहे. पण चांगल्या कॉलेजात विद्यार्थी दात काढण्यापूर्वी एक्स-रे आणि केसपेपर शिक्षकाला दाखवतो, इंजेक्शनची मात्रा विचारतो, आणि अडले तर शिक्षक स्वतः हातमोजे चढवतात. वेळ अधिक लागतो हे खरे. एका कामाला दोन-तीन खेपा पडतात. पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो आणि तपासणी बहुधा अधिक सविस्तर होते, कारण मुलाला प्रत्येक दाताची नोंद लिहावीच लागते. "मास्तर कुठे आहेत? त्यांनी पाहिलं का?" हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जरूर विचारा.

तसेच कोणत्याही दवाखान्यात गेलात की भिंतीवर दंत परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र आहे का ते पाहा. नसेल तर विचारायला लाजू नका. पाच वर्षे घासून ते मिळवलेल्या माणसाला तुमच्या विचारण्याचा राग येणार नाही.

आज तुमच्या दाढेवर सफाईने चालणारा अनुभवी हातही कधीतरी कोणा अनोळखी पेशंटच्या दाढेवर थरथरत शिकला होता. त्या पेशंटने दाखवलेल्या धीराचा फायदा आपण सारे घेत असतो. उद्याचा दंतवैद्य चांगला हवा असेल तर त्याला आजच पेशंट मिळाला पाहिजे, आणि त्याच्या मागे उभा असलेला शिक्षकही. प्रवेशअर्जावर कॉलेजचे नाव लिहिण्यापूर्वी या दोन गोष्टी तिथे आहेत की नाहीत, एवढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या.